संत चोखामेळा

संत चोखामेळा (मृत्यू : शके १२६०, इ.स. १३३८, मंगळवेढा) हे चौदाव्या शतकातील वारकरी संतकवी होते. ते महार जातीत जन्मले. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे त्यांच्या वास्तव्याचे आणि मृत्यूचे गाव, तर पंढरपूर हे त्यांच्या भक्तीचे आणि समाधीचे स्थान होय. संत नामदेव हे त्यांचे गुरू. चोखामेळ्यांच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांची अभंगरचना उपलब्ध असल्याने एकाच अस्पृश्य कुटुंबातील पाच संतकवी अशी या घराण्याची वाङ्मयेतिहासात नोंद आहे.

माणूस जन्मतःच मलिन असतो काय, असल्यास तो मळ कोठून येतो आणि कशाने जातो, हा प्रश्न जगातील बहुतेक धर्मपरंपरांनी हाताळला आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात त्याचे उत्तर आदिपापाच्या सिद्धान्तातून दिले जाते, तर भारतीय परंपरेत कर्म, अविद्या आणि विटाळ या कल्पनांमधून. चोखामेळ्यांना हा प्रश्न ग्रंथांतून पडलेला नव्हता. विटाळाची कल्पना त्यांच्या रोजच्या जगण्याची मर्यादा ठरवीत होती. देवळाच्या दाराशी त्यांना थांबवणारी तीच होती. त्यामुळे मनुष्यस्वभावाच्या शुद्धाशुद्धतेविषयी मराठीत झालेल्या विचारात त्यांच्या अभंगांना वेगळे महत्त्व आहे.

काळ आणि परिसर

चोखामेळ्यांचा जीवनकाळ यादवांच्या राज्याच्या अखेरीचा आणि त्यानंतरच्या उलथापालथीचा आहे. शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. इ.स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि पुढील दोन तपांत यादवांची सत्ता संपुष्टात आली. ज्ञानेश्वर, नामदेव, गोरोबा, सावता, नरहरी, जनाबाई अशी संतांची मांदियाळी याच सुमारास उदयास आली. कुंभार, माळी, सोनार, शिंपी, दासी अशा समाजाच्या निरनिराळ्या थरांतील माणसे विठ्ठलभक्तीच्या निमित्ताने एकत्र आली. या मेळ्यात गावकुसाबाहेरून आलेले चोखामेळा हे प्रमुख संत होत.

मंगळवेढ्याला त्याआधीचाही इतिहास आहे. बाराव्या शतकात हे नगर कलचुरी राजा बिज्जलाच्या सत्तेचे केंद्र होते आणि महात्मा बसवेश्वरांच्या आयुष्याचा काही काळ येथे गेला. बसवेश्वरांच्या शरण चळवळीने जन्म, मृत्यू, रजस्वला अवस्था, उच्छिष्ट आणि जात या पाचही प्रकारचे सूतक नाकारले होते. सोलापूरचे ग्रामदैवत मानले जाणारे शिवयोगी सिद्धरामेश्वर हे याच चळवळीतील. शुद्धाशुद्धतेच्या रूढ कल्पनांना विरोध करणारा एक विचार या प्रदेशात चोखामेळ्यांच्या दीडशे वर्षे आधीच प्रकट झाला होता, असे यावरून दिसते.

जन्म आणि नाव

चोखामेळ्यांच्या जन्माचे साल निश्चित नाही. जन्मस्थानाविषयी दोन परंपरा आहेत. एका परंपरेनुसार त्यांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजा या गावी झाला, तर दुसरी परंपरा त्यांचा जन्म पंढरपूर-मंगळवेढा परिसरात मानते. वडिलांचे नाव सुदामा आणि आईचे सावित्री असे सांगितले जाते.

त्यांच्या नावाविषयी एक लोककथा प्रचलित आहे. सुदामा आणि सावित्री हे दांपत्य गावाच्या कामगिरीवर आंबे घेऊन निघाले असता वाटेत वृद्ध ब्राह्मणाच्या वेषात विठ्ठल भेटला. त्याने एक आंबा मागून घेतला, थोडा चोखला आणि परत दिला. सावित्रीने तो पदरात बांधून ठेवला. पुढे पाहते तो आंब्याच्या जागी बालक होते. चोखलेल्या आंब्यातून आलेला म्हणून तो चोखा, अशी ही कथा आहे. मराठीत चोख या शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ असा आहे. म्हणजे या एका नावात उष्टेपणा आणि शुद्धता हे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. समाजाने ज्याला अशुद्ध ठरवले त्याचे नावच शुद्ध असावे, या विसंगतीचा उपयोग चोखामेळ्यांनी आपल्या अभंगांतही करून घेतला आहे.

कुटुंब आणि व्यवसाय

चोखामेळ्यांचा विवाह सोयराबाईंशी झाला. सोयराबाईंचा भाऊ बंका याच्याशी चोखामेळ्यांची बहीण निर्मळा हिचा विवाह झाला होता. निर्मळा आणि बंका यांचे वास्तव्य मेहुणपुरीस होते. चोखामेळा आणि सोयराबाई यांना उतारवयात कर्ममेळा हा मुलगा झाला.

गावगाड्यात महारांकडे ठरावीक कामे असत. मेलेली जनावरे ओढून नेणे, वेशीची राखण करणे, निरोप पोहोचवणे, सरपण फोडणे आणि गावकूस दुरुस्त करणे ही कामे त्यांना वंशपरंपरेने करावी लागत. मोबदल्यात धान्याचा वाटा आणि शिळेपाके अन्न मिळे. वरिष्ठांना जोहार घालणे ही त्यांची अभिवादनाची रीत होती. चोखामेळ्यांनी हीच रीत उचलून जोहार नावाचा रचनाप्रकार घडवला. त्यात विठ्ठल हा धनी आणि स्वतः त्याच्या दाराशी उभा असलेला महार, अशी कल्पना करून हिशेब, बाकी, उष्टे, राखण या गावकामाच्या शब्दांतून त्यांनी भक्तिभाव मांडला.

नामदेवांशी संबंध

पंढरीच्या वारीतून चोखामेळ्यांचा नामदेवांशी संबंध आला आणि त्यांनी नामदेवांना गुरू मानले. नामदेवांच्या कीर्तनाचा त्यांच्यावर गाढ परिणाम झाला. मात्र वाळवंटात कीर्तनात बसण्याची मुभा असली तरी देवळात जाण्याची नव्हती. चोखामेळ्यांनी विठ्ठलाचे दर्शन महाद्वाराबाहेर उभे राहूनच घेतले. सर्व जातींना जवळ करणाऱ्या संप्रदायातही देवळाचा उंबरठा ही मर्यादा कायम राहिली. चोखामेळ्यांच्या जीवनातील आणि काव्यातील ताण या मर्यादेतून निर्माण झाला आहे.

अभंगरचना

चोखामेळ्यांचे अभंग अनंतभट्ट यांनी लिहून घेतले, असे परंपरा मानते. संतांच्या लेखनिकांची नावे सांगणाऱ्या, जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात हा उल्लेख येतो. महाराचे बोल एका ब्राह्मणाने उतरवून घेतले ही गोष्ट त्या काळाच्या मानाने उल्लेखनीय आहे.

या अभंगांचे ढोबळमानाने चार गट पडतात. विठ्ठलाच्या रूपाचे आणि पंढरीच्या माहात्म्याचे वर्णन हा पहिला, नाममाहात्म्य हा दुसरा, आत्मनिवेदन आणि करुणा हा तिसरा, तर विटाळ, जात आणि जन्म यांविषयीचे अभंग हा चौथा गट होय. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, धनुष्य वाकडे असले तरी बाण वाकडा नसतो, अशा दृष्टान्तांतून बाह्य रूपावरून माणसाचे मोल ठरवू नये हे सांगणारा त्यांचा अभंग महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. भाषा साधी, बोलीच्या जवळची असून तीत पांडित्याचा आव नाही.

विटाळ आणि मनुष्यस्वभाव यांविषयीचे विचार

विटाळ हा शब्द आज प्रामुख्याने शिवाशिवीच्या अर्थाने ओळखला जातो, परंतु त्याची व्याप्ती मोठी आहे. जन्म झाला की सोयर, मृत्यू झाला की सुतक, त्याशिवाय मासिक पाळी, उष्टे अन्न आणि मृत जनावर यांचा स्पर्श अशा अनेक प्रसंगी माणूस अशुद्ध होतो, अशी धारणा होती. उच्च मानलेल्या जातींसाठी ही अशुद्धता तात्पुरती असे. स्नान केले किंवा ठरावीक दिवस लोटले की ती फिटे. अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी मात्र ती जन्मभर न फिटणारी होती. एकाच कल्पनेचा एक अर्थ काहींसाठी आणि दुसरा अर्थ इतरांसाठी, अशी ही विभागणी होती.

चोखामेळ्यांनी या विभागणीवर नेमके बोट ठेवले. त्यांचा युक्तिवाद असा आहे : विटाळाचे मूळ देहात असेल, तर देह सर्वांनाच आहे. सर्व देह त्याच पाच महाभूतांचे बनलेले आहेत. प्रत्येक जीव आईच्या उदरातून, रक्तामांसातूनच जन्माला येतो. मरणही सर्वांना सारखेच गाठते. तेव्हा सोवळा कोण आणि ओवळा कोण हे ठरवण्यास आधारच उरत नाही. दुसऱ्या एका अभंगात त्यांनी हा विचार आणखी पुढे नेला आहे. वेद, शास्त्रे, पुराणे, इतकेच नव्हे तर ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांनाही ते विटाळाच्या कक्षेत आणतात. जन्माला येणारे आणि लयाला जाणारे सर्वच त्यांच्या मते या कक्षेत मोडते.

या युक्तिवादाचे वैशिष्ट्य त्याच्या पद्धतीत आहे. आपण अशुद्ध नाही, असे चोखामेळा म्हणत नाहीत. प्रतिपक्षाचे गृहीतक ते मान्य करतात आणि त्याला त्याच्या शेवटापर्यंत नेतात. जन्माने येणारा मळ सर्वांचा ठरला की तो कोणा एकाला दूर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही.

सोयराबाईंनी हाच विचार अधिक नेमकेपणाने मांडला आहे. त्यांच्या मते विटाळ देहाचा आहे आणि तो देहाबरोबरच जन्मतो. विटाळावाचून देहाची उत्पत्ती होऊच शकत नाही. आत्मा मात्र शुद्ध आणि ज्ञानरूप असून त्याला कोणताही मळ लागत नाही. जो देह घेऊन सोवळेपणा मिरवायचा तो देहच विटाळातून घडला आहे, हे त्यांचे म्हणणे विशेष धारदार आहे. बाळंतपण आणि मासिक पाळी यांच्या निमित्ताने विटाळाचा भार स्त्रियांवर अधिक पडत असे. ही गोष्ट लक्षात घेता एका स्त्रीने केलेली ही मांडणी महत्त्वाची ठरते.

पूर्वकर्माचा स्वीकार

चोखामेळ्यांच्या विचारात दुसराही एक प्रवाह आहे आणि तो पहिल्याशी सहज जुळत नाही. एका अभंगात ते आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मात शोधतात. आपण पूर्वी निळ नावाने जन्मलो होतो, तेव्हा आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली आणि त्याचे फळ म्हणून हा जन्म आला, असा त्या अभंगाचा आशय आहे. येथे विटाळ सर्वांचा न राहता एका व्यक्तीच्या पापाचे फळ ठरतो. म्हणजे पहिल्या विचाराने उडवलेली भिंत या विचाराने पुन्हा उभी राहते.

या विसंगतीचे स्पष्टीकरण अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे केले आहे. त्या काळी कर्मसिद्धान्त हा सर्वमान्य होता आणि त्याबाहेर जाऊन विचार करणे जवळजवळ अशक्य होते, असे एक मत आहे. असे अभंग पुढे कोणीतरी चोखामेळ्यांच्या नावावर घातले असावेत, अशीही शंका घेतली जाते. तिसऱ्या मतानुसार दोन्ही भाव एकाच मनातले आहेत. सतत अपमान सोसणारा माणूस कधी त्या अपमानाला आव्हान देतो, तर कधी त्याचे कारण स्वतःतच शोधून त्याला अर्थ देऊ पाहतो. चोखामेळ्यांच्या करुणापर अभंगांत हे दोन्ही भाव जवळजवळ आढळतात, त्यामुळे हे तिसरे मत अधिक पटण्यासारखे आहे.

आदिपापाच्या कल्पनेशी तुलना

ख्रिस्ती परंपरेत आदिपापाची व्यवस्थित मांडणी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप संत ऑगस्टीन (इ.स. ३५४–४३०) यांनी केली. आदाम आणि एवा यांनी ईश्वराची आज्ञा मोडली आणि त्या अपराधाचा डाग सर्व मानवजातीला वारशाने मिळाला. त्यामुळे माणसाची इच्छाशक्ती दुबळी झाली असून ईश्वरी कृपेवाचून तो तरू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पेलागियस या त्यांच्या समकालीनाने याला विरोध केला. प्रत्येक मनुष्य निर्दोष जन्मतो आणि चांगले-वाईट निवडण्याचे सामर्थ्य त्याच्यात असते, असे त्याचे मत होते. इ.स. ४१८ च्या कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसचे मत अमान्य केले. पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेने आदामाचा अपराध वारशाने येतो असे न मानता मर्त्यता वारशाने येते यावर भर दिला. यहुदी आणि इस्लामी परंपरांत वारशाने येणाऱ्या पापाची कल्पना मान्य नाही.

मराठीत आदाम-एवेची कथा आणि आदिपापाचा विचार विस्ताराने आणला तो गोव्यातील इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण इ.स. १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. चोखामेळ्यांचा काळ त्याआधी सुमारे पावणेतीनशे वर्षांचा असल्याने त्यांच्या विचारावर ख्रिस्ती कल्पनेचा प्रभाव असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तरीही दोहोंची तुलना उद्बोधक आहे.

आदिपापाच्या सिद्धान्तात मळ एका पूर्वजाकडून येतो आणि राजापासून रंकापर्यंत सर्वांना सारखाच लागतो. कर्मसिद्धान्तात तो ज्याच्या त्याच्या पूर्वजन्मातून येतो, त्यामुळे प्रत्येकाचा वेगळा असतो आणि सामाजिक विषमतेचे समर्थन करण्यास वापरता येतो. विटाळाच्या रूढ कल्पनेत तो जातीनुसार वाटला जातो. चोखामेळ्यांनी विटाळाची ही कल्पना सार्वत्रिक केली आणि त्या मर्यादेपर्यंत ते आदिपापाच्या सिद्धान्तातील समानतेच्या जवळ येतात. मळ धुण्यास कर्मकांड पुरे पडत नाही, देवाची कृपाच लागते, हेही दोहोंत समान आहे.

भेद मात्र मूलभूत आहे. ऑगस्टीन यांच्या मते बिघाड माणसाच्या अंतःकरणात, त्याच्या इच्छेतच आहे. चोखामेळा आणि सोयराबाई यांच्या मते मळ देहापुरताच आहे आणि आत्मा मुळातच निर्मळ आहे. हा विचार उपनिषदांपासून चालत आलेला असून ज्ञानेश्वरीतून तो मराठीत रुजला होता. त्यामुळे चोखामेळ्यांच्या दृष्टीने भक्ती म्हणजे बिघडलेल्या स्वभावाची दुरुस्ती नव्हे. मुळात असलेली शुद्धता नामस्मरणाने प्रत्ययास येणे, असा तिचा अर्थ होतो.

आख्यायिका

चोखामेळ्यांच्या जीवनातील प्रसंग मुख्यतः नामदेवांच्या नावावरील अभंगांतून आणि महिपतीबोवा ताहराबादकर यांच्या भक्तविजय (शके १६८४, इ.स. १७६२) या ग्रंथातून आपल्याला कळतात. या चमत्कारकथा आहेत, त्यांना इतिहास म्हणता येत नाही. तथापि त्यांची निवड अर्थपूर्ण आहे. विटाळाचे जे जे प्रसंग मानले जात, त्या प्रत्येकात देव स्वतः उतरल्याचे या कथा सांगतात.

सोयराबाई प्रसूत होण्याच्या वेळी चोखामेळा निर्मळेला आणण्यासाठी गेले आणि त्यांना परतण्यास उशीर झाला. तेव्हा विठ्ठलाने नणंदेचे रूप घेऊन बाळंतपण केले, अशी एक कथा आहे. दुसऱ्या कथेत तो चोखामेळ्यांबरोबर मेलेली ढोरे ओढतो. तिसऱ्या कथेत तो त्यांच्या अंगणात पंक्तीला बसतो. वाढताना सोयराबाईंच्या हातून दही सांडते आणि त्याचा पीतांबर भिजतो. चोखामेळा लटक्या रागाने तिला बोल लावतात. तो संवाद ऐकणारा पुजारी चोखामेळ्यांच्या तोंडात मारतो आणि देवळातील मूर्तीचा गाल सुजलेला दिसतो. आणखी एका कथेत विठ्ठल रात्री चोखामेळ्यांना हाताला धरून गाभाऱ्यात नेतो आणि आपल्या गळ्यातील हार त्यांच्या गळ्यात घालतो. सकाळी चोरीचा आळ येतो आणि त्यांना शिक्षा होते. पुढे पंढरपुरात राहण्यास मनाई झाल्याने ते चंद्रभागेच्या पलीकडे राहू लागले आणि तेथे त्यांनी दीपमाळ उभारली, असेही सांगितले जाते.

जन्म, मृत देह, अन्न आणि स्पर्श या चारही ठिकाणी देवाला विटाळ होत नाही, असा या कथांचा एकत्रित आशय आहे. मात्र गाभाऱ्यात नेणारा देव असला तरी सकाळी शिक्षा करणारी माणसेच असतात, याचीही नोंद याच कथा करतात.

कर्ममेळ्याचा प्रश्न

चोखामेळ्यांनी पूर्वकर्माचे स्पष्टीकरण स्वीकारले असले तरी त्यांच्या मुलाने ते स्वीकारलेले दिसत नाही. कर्ममेळ्याचे थोडेच अभंग उपलब्ध आहेत, परंतु त्यांचा स्वर वेगळा आहे. आम्हाला हीन जातीत कोणी घातले, असे तो थेट देवाला विचारतो. उष्टे खाण्यात जन्म गेला याची लाज देवाला कशी वाटत नाही, असाही त्याचा प्रश्न आहे. या अभंगांत दोष भोगणाऱ्याकडे न राहता निर्माण करणाऱ्याकडे जातो. वडिलांच्या अभंगांतील करुणेची जागा मुलाच्या अभंगांत जाब विचारण्याने घेतली आहे. ज्याच्या नावातच कर्म हा शब्द आहे त्यानेच कर्मसिद्धान्ताला प्रश्न विचारावा, हे लक्षणीय आहे.

मृत्यू आणि समाधी

शके १२६० (इ.स. १३३८) मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. त्या कामासाठी महारांना वेठीला धरले होते आणि त्यांत चोखामेळाही होते. काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली अनेक मजूर गाडले गेले. चोखामेळ्यांचा अंत त्यातच झाला. ज्या गावकुसाबाहेर त्यांना राहावे लागले, तेच गावकूस बांधताना त्यांना मृत्यू आला. वैशाख वद्य पंचमी ही त्यांची पुण्यतिथी मानली जाते.

ही वार्ता कळल्यावर नामदेव मंगळवेढ्यास आले. ढिगाऱ्याखाली अनेकांच्या अस्थी एकमेकांत मिसळल्या होत्या. प्रत्येक अस्थी कानाशी नेऊन जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती चोखामेळ्यांची, असे ओळखून त्यांनी त्या गोळा केल्या, अशी आख्यायिका आहे. रूढीप्रमाणे मृताची हाडे ही अत्यंत अशुद्ध वस्तू मानली जात. कथेने मात्र त्या हाडांनाच नामाचे वाहक केले. नामदेवांनी त्या अस्थी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. इ.स. १३५० मध्ये नामदेवांनी त्याच महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली, असे परंपरा मानते. ती नामदेव पायरी म्हणून प्रसिद्ध आहे. मंदिरात जाणारे वारकरी आधी चोखोबांच्या समाधीचे आणि नामदेव पायरीचे दर्शन घेतात. कित्येक शतके अस्पृश्य भाविकांना मात्र चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागे.

उत्तरकाळातील प्रभाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्यांच्या जागृतीला सुरुवात झाली, तेव्हा चोखामेळ्यांचे नाव पुन्हा पुढे आले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी इ.स. १८८८ मध्ये विटाळ विध्वंसन ही पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेच्या शास्त्रीय आधारालाच प्रश्न विचारले. नागपूरचे किसन फागूजी बनसोडे यांनी चोखामेळ्यांच्या नावाने मुलींची शाळा चालवली. संत गाडगे महाराजांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्यांच्या नावाची धर्मशाळा उभारली.

इ.स. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे यासाठी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले. त्यानंतर मंदिराचे दार उघडले. चोखामेळ्यांच्या मृत्यूला तेव्हा ६०९ वर्षे झाली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला द अनटचेबल्स हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. आंबेडकर यांनी जातिभेदाचे मूळ मनुष्यस्वभावात वा पूर्वजन्मात न शोधता इतिहासात आणि समाजरचनेत शोधले. इ.स. १९५० मध्ये राम गबाले यांनी दिग्दर्शित केलेला जोहार मायबाप हा चोखामेळ्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात पु. ल. देशपांडे यांनी चोखामेळ्यांची भूमिका केली होती.

इ.स. १९५६ मधील धर्मांतरानंतर चोखामेळ्यांविषयीच्या दृष्टिकोनात बदल झाला. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनेकांना त्यांची शरणागतीची वृत्ती आणि पूर्वकर्माचा स्वीकार हे अस्वीकारार्ह वाटले. चोखामेळ्यांपेक्षा कर्ममेळ्याचा स्वर त्यांना जवळचा वाटतो. दुसरीकडे वारकरी संप्रदायात चोखोबांचे अभंग आजही भजन-कीर्तनात आदराने गायले जातात. त्यांच्यातील विटाळविषयक अभंगांना मराठीतील सामाजिक निषेधाच्या काव्याचा आरंभ मानणारे अभ्यासकही आहेत. चोखामेळ्यांना शरणागत भक्त म्हणावे की विद्रोही कवी, याविषयी मतभेद आहेत. त्यांच्या अभंगांत या दोन्ही मतांना आधार सापडतो. जन्माने येणारी अशुद्धी सर्वांचीच असते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.